जुनं .३२ रिव्हॉल्व्हर घ्यायचंय? आधी फाइल, मग फिलर गेज, शेवटी भाव

गडहिंग्लजच्या त्या काकूंकडं मी रिव्हॉल्व्हर बघायला गेलो, तेव्हा त्यांनी पुढ्यात एक हिरवी फाइल आणून ठेवली. आत काकांचा परवाना, मृत्यूचा दाखला, शस्त्र दुकानात जमा केल्याची पावती, दोन्ही मुलांची सही असलेलं संमतिपत्र, आणि सगळ्यात खाली काकांनी रिव्हॉल्व्हर घेतलं तेव्हाची पिवळी पडलेली पावती. रिव्हॉल्व्हर घरात नव्हतंच. ते दुकानदाराच्या तिजोरीत होतं, म्हणजे असायला हवं तिथंच. चहाचा कप खाली ठेवता ठेवता मी मनात म्हटलं, हा सौदा जमणार.

त्याच्या चार वर्षं आधी मी बरोबर उलटं केलं होतं. वस्तू बघितली, हातात घेतली, भाळलो, भाव ठरवला, विसार दिला आणि मग कागद मागितले. मालकाच्या परवान्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर यांच्यात एका आकड्याचा फरक निघाला. फ्रेमवर ६, परवान्यावर शून्य. कधीकाळी कुणीतरी नक्कल करताना केलेली चूक. ती दुरुस्त व्हायची वाट बघत माझा विसार आठ महिने अडकला, आणि शेवटी सौदा मोडला तो मोडलाच. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, त्यामुळे या लेखात कायद्याइतकंच गेज आणि क्लिअरन्सबद्दलही, म्हणजे मापं आणि फटींबद्दलही येईल. सांभाळून घ्या.

आधी स्वतःचा परवाना

परवाना हातात नसताना ‘नुसतं बघून ठेवू’ म्हणत विसार देणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल घेता येत नाही, बाळगता येत नाही. वय किमान २१ हवं. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे इथं परवाना देणार जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी. अर्ज, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, आणि ‘तुम्हाला गरज काय?’ हा सगळ्यात अवघड प्रश्न. ‘जुन्या वस्तूंची आवड’ हे त्याचं उत्तर होत नाही.

मिळालेल्या परवान्याचं पान नीट वाचा. शस्त्राचा प्रकार काय लिहिलाय, खरेदी किती मुदतीत करायची आहे, परवाना फक्त महाराष्ट्रापुरता आहे का देशभराचा, काडतुसं किती घेता येतील. आपल्याकडं हद्दीचा मुद्दा फार लवकर येतो, कारण निपाणी-बेळगाव तासा-दोन तासांवर आणि राज्य मात्र दुसरं. बेळगावात चांगला माल आहे असं कळलं म्हणून गाडी काढून गेलात आणि परवान्याची हद्द कागलच्या पुढं जात नसेल, तर स्वस्तातली वस्तू फार महाग पडेल.

आणखी एक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. घरात आधीच दोन असतील तर तिसऱ्याचा विचार करण्याआधी एक विका.

.३२ च का, आणि जुनं महाग का

आपल्याकडं .३८ आणि .४५५ ही रिव्हॉल्व्हरची बोअर, म्हणजे नळीची मापं, प्रतिबंधित गटात मोडतात. ती सैन्य-पोलिसांची काडतुसं. साध्या परवानाधारकाच्या वाट्याला रिव्हॉल्व्हरमध्ये मुख्यतः येतात ती .३२ आणि .२२. बाजारात .२२ ची जुनी रिव्हॉल्व्हरं क्वचित दिसतात, म्हणून सगळी झुंबड .३२ वर.

भावाचं गणित समजून घ्यायचं तर आयातीची गोष्ट माहीत हवी. १९८० च्या दशकात खासगी लोकांसाठी परदेशी शस्त्रं आणण्यावर निर्बंध आले. त्याआधी देशात जी विलायती रिव्हॉल्व्हरं आली, तीच आजवर एका हातातून दुसऱ्या हातात फिरताहेत. नवीन येत नाहीत, जुनी झिजतात, हरवतात, सरकारजमा होतात. त्यामुळं परदेशात ज्याला कुणी ढुंकून बघणार नाही असं साठ वर्षांचं रिव्हॉल्व्हर इथं कोऱ्या देशी रिव्हॉल्व्हरपेक्षा महाग विकलं जातं. इंटरनेटवरचे अमेरिकेतले भाव दाखवून इथं घासाघीस करणारा माणूस दुकानदाराच्या दृष्टीनं करमणूक असतो.

माझ्या हिशेबात जुन्या मालाचे तीन ढीग पडतात.

पहिला ढीग नावाजलेल्यांचा. वेब्ली अँड स्कॉटचं मार्क फोर, स्मिथ अँड वेसनची .३२ हँड इजेक्टर घराण्यातली, कोल्टचं पोलीस पॉझिटिव्ह. बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट ही कंपनी १८९७ साली जुन्या कंपन्या एकत्र येऊन झाली, आणि तिचं नाव आपल्याकडं आजही सोन्याच्या भावानं चालतं. नुसतं बॅरलवर ‘वेब्ली’ कोरलेलं दिसलं की लोकांचे डोळे लकाकतात आणि तिथंच ते फसतात.

दुसरा ढीग मधून मोडून उघडणाऱ्या, पाच गोळ्यांच्या, शंभरी गाठलेल्या छोट्या रिव्हॉल्व्हरांचा. काही अमेरिकन, काही बेल्जियमची. अंडाकृती चौकटीत ई-एल-जी अशी अक्षरं दिसली की ते लिएजच्या चाचणीघराचं चिन्ह समजा. दिसायला गोंडस, निकलचा मुलामा, शिंपल्याची मूठ. यातली बरीच काळ्या दारूच्या जमान्यातली आहेत, आणि आजच्या धूरविरहित दारूचं काडतूस त्यांत घालणं म्हणजे आपल्याच हाताशी खेळ. ही घेऊ नका. ‘भिंतीवर लावायला घेतो’ म्हणणाऱ्यांनाही सांगतो, कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट शस्त्राला सूट आहे ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशालाच. दुरुस्तीनं चालू होणारं असेल तर त्याला परवाना लागतोच, भिंतीवर असो नाहीतर ट्रंकेत.

तिसरा ढीग आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या जुन्या .३२ चा. ते वेब्लीच्याच धर्तीवर बनलेलं आहे. फिनिशिंग ओबडधोबड, चाप जड, पण सुटे भाग मिळतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला ते तोंडपाठ असतं. ज्याला खरोखर वापरायचं आहे त्याला चांगला सौदा बहुतेक वेळा याच ढिगात सापडतो. मी स्वतः वेब्ली घेतलं हे कबूल करतो. हौसेला मोल नसतं म्हणतात, माझ्या हौसेला होतं आणि ते मी मोजलं.

शोधायचं कुठं

चांगला माल जाहिरातीत येत नाही. तो अडकलेला असतो, आणि कुठं अडकलाय हे कळलं की अर्धं काम झालं.

परवानाधारक वारला, परवाना संपला किंवा रद्द झाला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडं जमा करावं लागतं. कलम २१ तसं सांगतं. वारसांना ठरलेल्या मुदतीत ते स्वतःच्या नावावर घ्यायचं किंवा विकायचं असतं, नाहीतर ते सरकारजमा होऊ शकतं. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी अमेरिकेत, बायकोला त्या वस्तूचं तोंड बघायचं नाही. अशा घराला भाव ताणण्यापेक्षा डोक्यावरचं ओझं उतरवण्यात रस असतो. शिवाय दुकानदाराचं ठेवणावळीचं मासिक भाडं चढत असतं. चार-पाच वर्षांचं भाडं थकलेलं असेल तर ते कोण देणार, यावरच कधी कधी सौद्याचा निकाल लागतो. म्हणून दुकानात शिरल्यावर शोकेसमधल्याबद्दल विचारू नका, ‘जमा मालात .३२ काही आहे का?’ असं विचारा.

२०१९ नंतर तीन शस्त्रांवरून दोनवर यावं लागलं, तेव्हाही पुष्कळ लोकांनी तिसरं काढून टाकलं. त्यातलं काही अजून दुकानांत पडून आहे.

कोल्हापुरात रिव्हॉल्व्हरचे जुने परवाने कुणाकडं, हेही ध्यानात घ्या. आजरा, चंदगड, शाहूवाडी, राधानगरी भागात शस्त्रं भरपूर, पण ती पीक संरक्षणाच्या बाराबोअरची किंवा १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधीच्या शिकारीच्या काळातली रायफल. तिकडं रिव्हॉल्व्हर शोधत फिरण्यात डिझेल जातं. माझ्या पाहण्यात .३२ निघालं ते गुजरीतल्या सराफी घराण्यांकडं, चांदी घेऊन प्रवास करणाऱ्या हुपरीच्या व्यापाऱ्यांकडं, जुन्या कंत्राटदारांकडं आणि निवृत्त अधिकाऱ्यांकडं. ही माणसं वापर कमी करतात. काही रिव्हॉल्व्हरं अशी मिळतात की चाळीस वर्षांत चाळीस गोळ्याही सुटल्या नसतील.

व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ‘विदाउट पेपर, कमी रेट’ म्हणणारा भेटला तर फोन ठेवून द्या. कागदाशिवायचं शस्त्र स्वस्त नसतं, ते तुरुंगाचं तिकीट असतं. ज्याच्यावरचं बनवणाऱ्याचं नाव-नंबर घासून काढलाय ते तर बघायलाही जाऊ नका. कलम ८ खाली नंबर घासणं हा गुन्हा आहे, आणि ज्याच्यावर नंबरच नाही ते शस्त्र विकणंसुद्धा.

फाइल उघडल्यावर

बनवणाऱ्याचं नाव, बोअर आणि नंबर या तीन गोष्टी परवान्यावर, जमा पावतीवर आणि प्रत्यक्ष शस्त्रावर अक्षर न् अक्षर जुळल्या पाहिजेत. मी नंबर स्वतः वाचून कागदावर लिहितो, मग परवान्याशी ताडतो. उलटं केलं की डोळा जे अपेक्षित आहे तेच वाचतो. ६ आणि शून्य, १ आणि ७, इंग्रजी बी आणि ८, इथंच घोळ होतो. तफावत दिसली तर ती दुरुस्त करून आणायची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि तोवर विसार नाही.

वारसांकडून घेत असाल तर सगळ्या वारसांची संमती आणि विक्रीची परवानगी बघा. एक भाऊ म्हणतो ‘मी बघतो सगळं’ आणि दुसरा भाऊ सहा महिन्यांनी जागा होतो, हे शेतजमिनीत जसं घडतं तसंच इथंही घडतं.

दुकानात, हातात घेतल्यावर

वडगावच्या जनावरांच्या बाजारात कुणी बैलाचे दात बघितल्याशिवाय रुमालाखाली हात घालत नाही. इथंही भावाचं बोलणं तपासणीनंतर. माझ्या पिशवीत असतं ते एवढंच: छोटी टॉर्च, घड्याळजीचं भिंग, पांढऱ्या कागदाचा तुकडा, पेन्सिल आणि मोटरसायकलचे टॅपेट लावतात ते फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पोलादी पातळ पानं.

दुकानदारानं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचा फिरता गोल, उघडून सहाही घरं रिकामी दाखवली तरी तुम्ही स्वतः पुन्हा बघा, बोट घालून बघा. नळीचं तोंड पूर्ण वेळ भिंतीकडं, माणसाकडं नाही. आणि घोडा (मागचा हातोडा) चढवून चाप ओढण्याआधी विचारा. काही मालकांना रिकाम्या घरावर घोडा आपटलेला आवडत नाही, ते बरोबरही आहे. नकली काडतुसं असली तर ती घालून बघायची.

आधी स्क्रू. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या की कुणीतरी घरच्या पेचकसानं आत हात घातलाय. मग अक्षरं. वेब्लीवरची कोरीव अक्षरं कडांना धारदार असतात. ती गुळगुळीत, बुजल्यासारखी दिसली तर पॉलिश मारून पुन्हा काळा रंग चढवलाय. नवा रंग हा गुन्हा नाही, पण रंगाखाली गंजाचे खड्डे असतात आणि भाव मात्र ‘कंडिशन एकदम नवी’ म्हणून सांगितला जातो. भिंग धरून तिरका उजेड टाका, खड्डे लपत नाहीत.

नळीत मागून टॉर्च मारून पुढून बघा, किंवा मागं पांढरा कागद धरा. आटे, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचा, स्पष्ट, चकचकीत हवेत. थोडा काळपटपणा साफ होतो. पण आत एखाद्या जागी गोल काळी कडी दिसली तर थांबा. आधीची गोळी नळीत अडकलेली असताना कुणीतरी दुसरी झाडलीय, आणि तिथं नळी फुगलीय. बाहेरून बोट फिरवलं तर कधी कधी ती फुगी लागते. असं रिव्हॉल्व्हर कितीही कमी भावात मिळालं तरी नको.

आता रिव्हॉल्व्हरचं खरं काळीज, म्हणजे टायमिंग. सिलिंडरवर एक बोट अगदी हलकं टेकवा, जरा रोध राहील इतकंच, आणि अंगठ्यानं घोडा सावकाश मागं घ्या. घोडा पूर्ण चढायच्या आत किंवा चढताक्षणी सिलिंडर ‘टक’ करून जागेवर बसला पाहिजे. घोडा चढला आणि सिलिंडर अजून केसभर मागं राहिला, तर गोळी घरातून नळीत शिरताना कडेला घासणार, शिशाचे कण बाजूनं उडणार. हे सहाही घरांवर करायचं. मी प्रत्येक घराशेजारी पेन्सिलीनं खूण करतो, कारण पाच घरं छान चालतात आणि एक कुचराई करतं, असं हमखास होतं. जुन्या कोल्टमध्ये हे फार बघावं लागतं. त्याची रचना घट्ट बसणारी, नवं असताना घड्याळासारखी, पण झिजली की टायमिंग आधी ढासळतं आणि ते लावणारा कारागीर मिळत नाही. बाय द वे, मागून बघितलं तर कोल्टचा सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, स्मिथ अँड वेसनचा उलट. नकली नावाचा माल ओळखायला ही खूण कधी कधी कामाला येते.

मग घोडा खाली, चाप मागं दाबून धरलेला, आणि सिलिंडर दोन बोटांत धरून डावी-उजवीकडं हलवून बघा. किंचित हालचाल चालते, खुळखुळाट चालत नाही. तसाच पुढं-मागं ढकलून बघा. लेथच्या स्पिंडलचा प्ले बघतो तसंच हे, हाताला कळतं.

नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट फिलर गेजनं मोजा. ०.१५ मिलिमीटरचं पान जेमतेम जात असेल तर उत्तम. ०.२५ चं पान सहज आत गेलं तर गॅस बाजूनं सुटतोय आणि दुरुस्ती खर्चिक आहे. या मापावर मी गडहिंग्लजच्या रिव्हॉल्व्हरचा भाव ठरवला. पान सरकवलं, तेव्हा दुकानदार हसून म्हणाला, “दादा, आजवर कुणी टॅपेट लावायला आलं नव्हतं माझ्याकडं.” ०.१५ गेलं, ०.२० अडलं. मी चेहरा सरळ ठेवला.

घोडा पूर्ण चढवून, चापाला हात न लावता, अंगठ्यानं मागून पुढं ढकला. पडला तर आतली पकड झिजलीय, घेऊ नका. नळीच्या मागच्या तोंडाशी भिंगातून केसासारखी चीर दिसते का बघा. वेब्लीसारखं मधून उघडणारं असेल तर बंद करून मुठीला धरा आणि नळी हळूच वर-खाली हलवून पहा. बिजागरी आणि वरची कडी ढिली असेल तर ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. शेवटी घोड्याची टाचणी आणि ती जिथून बाहेर येते ते भोक बघा.

आता कोल्हापूरकरांसाठी खास. मुठीची लाकडं उतरवून दाखवा म्हणा. एकच स्क्रू असतो, दुकानदार नाही म्हणत नाही, आणि म्हणाला तर तेच उत्तर समजा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-शिरोळच्या कितीतरी घरांत कपाटं पाण्याखाली गेली, त्यात काय काय होतं ते कुणी सांगत नाही. मला एक रिव्हॉल्व्हर दाखवलं होतं, बाहेरून आरशासारखं. मूठ उतरवली तर स्प्रिंगच्या मागं, फ्रेमच्या कोपऱ्यात, पंचगंगेचा बारीक पिवळट गाळ वाळून पापुद्र्यासारखा बसलेला. नखानं खरवडला तर सुटला आणि खाली गंजाचा तांबडा डाग. मालक म्हणाला, “ते ग्रीस आहे.” मी मूठ परत बसवून दिली आणि नमस्कार केला.

काडतुसाचा घोळ

‘.३२’ म्हणजे एकच काडतूस नव्हे. आज आपल्याकडं रिव्हॉल्व्हरला मिळतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ पासूनचं. त्याच्या आधीचं, १८७८ चं आखूड .३२ स्मिथ अँड वेसन. आखूड काडतूस लाँगच्या घरात बसतं आणि चालतं, लाँग मात्र आखूड घरात बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्नही करू नये. पिस्तुलाचं .३२ वेगळंच. ते कधी कधी रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकतं, म्हणून काही महाभाग झाडूनही बघतात. ते करू नका. जुन्या विलायती मालात .३२० असाही एक प्रकार निघतो. नळीवर काय कोरलंय ते वाचा आणि त्याचं काडतूस आज दुकानात मिळतंय का, हे रिव्हॉल्व्हर घेण्याआधी विचारा. सांगायचं म्हणजे, हे .३२ लाँग काही मामुली काडतूस नाही. २५ मीटर सेंटरफायर पिस्तुलाच्या स्पर्धांत जगभर बहुतेक हेच चालतं, कारण झटका कमी आणि नेम पक्का. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यात याचं कौतुक वेगळं सांगायला नको, जरी त्यांची हत्यारं .२२ ची असली तरी.

भाव

आधार म्हणून कोऱ्या देशी रिव्हॉल्व्हरची आजची किंमत दुकानात विचारून घ्या. २०१४ साली ऑर्डनन्स फॅक्टरीचं ‘निर्भीक’ आलं तेव्हा ते सुमारे १ लाख २२ हजारांचं होतं. २०२३ मध्ये कानपूरचं ‘प्रबळ’ आलं, आणि वेब्ली अँड स्कॉट या नावानंही आता उत्तर प्रदेशात सांडिला इथं .३२ बनतं. म्हणजे वेब्लीचं नाव हवं असेल तर ते कोरं मिळतं. जुन्या देशी रिव्हॉल्व्हरला कोऱ्याच्या निम्म्यापेक्षा जास्त द्यायची माझी तयारी नसते. जुन्या विलायतीला कोऱ्यापेक्षा जास्त द्यायचं तर वर सांगितलेली प्रत्येक तपासणी पास झाली पाहिजे.

काकूंचा भाचा बोलायला बसला होता. “दादा, वेब्ली आहे. अडीचच्या खाली नाही.” मी त्याच्यासमोर पेन्सिलीनं कागदावर लिहायला घेतलं. मुठीचं एक लाकूड नंतरचं, जोडी जुळत नाही. तीन नंबरचं घर किंचित उशिरा बसतंय. पावणेचार वर्षांची ठेवणावळ थकलेली. मी रिव्हॉल्व्हरला नावं ठेवली नाहीत, तसं केलं की माणूस दुखावतो, विशेषतः गेलेल्या माणसाची वस्तू असेल तर. फक्त आकडे मांडले. ठेवणावळ मी भरतो म्हटलं, आणि १ लाख ८० हजार. भाचा गप्प. काकू आतून म्हणाल्या, “ह्यांनी कधी चालवलं नाही हो ते. दिवाळीला पुसून ठेवायचे. नीट ठेवणार असाल तर द्या रे त्यांना.” १ लाख ९० ला मिटलं.

पैसे बँकेतून द्या, थोडेही रोखीनं नकोत. २ लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही हा आयकराचा नियम आहेच, पण त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की पुढं कुणी विचारलं तर बँकेचं पान बोलतं.

पंचेचाळीस दिवस

परवानाधारकाकडून थेट घेत असाल तर विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं: काय विकतोय, कुणाला, त्याचं नाव-पत्ता. ते कळवल्यावर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय शस्त्र हातात द्यायचं नाही. कलम ५ मधली ही अट लोक विसरतात किंवा ‘आपली ओळख आहे’ म्हणून उडवतात. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत तुमच्याकडं ठेवा, त्यावरची तारीख हीच तुमची ढाल. पंचेचाळीस दिवस म्हणजे दीड महिना, त्यात एखादी निवडणूक लागली तर शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात आणि सगळं आणखी लांबतं. आचारसंहितेच्या तोंडावर सौदा काढू नका.

शस्त्र ताब्यात आलं की परवान्यावर लिहिलेल्या मुदतीत नोंद करून घ्या. नोंदीच्या वेळी टेबलाजवळ उभं राहून नंबर पुन्हा वाचा. मी मोठ्यानं वाचला. कारकून कंटाळला, पण ६ हा ६ च लिहिला गेला.

घरी आणल्यावर

कातड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. कोल्हापूरच्या पावसात कातडं ओल धरतं आणि जून ते सप्टेंबर रिव्हॉल्व्हर त्या ओलीत झोपतं. पुसून, पातळ तेलाचा हात देऊन, कोरड्या सुती कापडात, कुलपात. काडतुसं वेगळ्या कुलपात. बऱ्याच जुन्या रिव्हॉल्व्हरांत पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आतली भरवशाची अडसरपट्टी नसते. स्मिथ अँड वेसननं ती सुधारणा केली १९४५ च्या सुमारास. त्यामुळं त्याआधीच्या बनावटीत घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची सवय लावून घ्या.

पहिल्या गोळ्या रेंजवर रीतसर परवानगी घेऊनच, डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. सहा घरांत सहा काडतुसं, पेन्सिलीची खूण लक्षात ठेवून एकेक. माझ्या पहिल्या सहा केसा, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, मी त्याच क्रमानं रुमालावर मांडल्या. पाचांच्या टोपीवर टाचणीचा खळगा बरोबर मधोमध पडला होता. तीन नंबरची केस उचलून भिंगाखाली धरली, खळगा साबुदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा कडेला सरकलेला. रिव्हॉल्व्हर पुसलं, म्यानाऐवजी कापडात गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडं ती केस खिशात घालून गेलो.